फणीधारींची जागा

आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीतील बाकावर अधिक झाले. तेव्हा प्राणिशास्त्रावर आम्ही बोलावे हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु हजेरीपटावर चुकीच्या सदरात पडलेले नाव दुरुस्त करून घेण्यात किती वर्षे जातात, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. टेनोफोरा म्हणजे फणीधारी या समुद्रजीवांची हकिकत काहीशी तशीच आहे.

१६७१ साली देवमाशांच्या शिकारीस निघालेल्या हाम्बुर्गच्या जहाजावर फ्रीडरिख मार्टेन्स हा वैद्य होता. स्पिट्सबर्गेनजवळ त्याने हे पारदर्शक जीव पाहिले व १६७५ च्या आपल्या प्रवासवृत्तात नोंदले. (पहिली नोंद पंडिताची नव्हे, जहाजावरच्या नोकरमाणसाची, याचा आम्हांला आनंद वाटतो.) यांच्या अंगावर बारीक केसांच्या फण्यांच्या आठ रांगा असतात. त्या वल्ह्यांसारख्या हलतात आणि त्यांवर उजेड फाकून इंद्रधनुष्याचे रंग खेळतात. त्यावरूनच १८२९ साली एश्शोल्ट्सने त्यांना हे ग्रीक नाव दिले. पण शरीर बुळबुळीत, तेव्हा पंगत जेलीफिशची! लॉयकार्टने दोघांना एकाच आंतरगुही गटात घातले. वस्तुतः जेलीफिश दंश करतो, तर बहुतेक फणीधारी चिकट पेशींनी भक्ष्य धरतात. १८८८ साली हाचेकने त्यांचा संघ वेगळा काढला, तरी पाठ्यपुस्तके पुष्कळ काळ जुनेच सदर गिरवीत राहिली.

खरा कलह पुढेच आहे. स्पंज सर्वांत साधा, म्हणून त्याचीच शाखा सर्वांआधी फुटली, असे सारे धरून चालले होते. २००८ साली केसी डन व सहकाऱ्यांनी जनुके ताडून पाहिली, तो पहिला मान फणीधारींकडे आला. स्पंजाला मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत. यांना दोन्ही आहेत. मग एक तर मज्जातंतू दोनदा निर्माण झाले, नाही तर स्पंजाने होते ते गमावले. साधा तो आधीचा, ही जिन्याच्या पायऱ्यांची कल्पना इथे डळमळते.

२०२३ साली दोन शोध लागले. इतर सर्व प्राण्यांत मिसळून गेलेले काही जनुकगट फणीधारींत, आणि प्राण्यांच्या एकपेशी नातलगांतही, निरनिराळ्या गुणसूत्रांवर आढळले. एकदा पिसलेले पत्ते आपोआप पूर्ववत लागत नाहीत, तेव्हा हा पुरावा वजनदार आहे. दुसरे असे, की एका फणीधारीच्या पिलात मज्जाजाळ्यातील पेशी मध्ये फट न ठेवता एकमेकींत सलग मिसळलेल्या दिसल्या. आपल्या मज्जापेशी बहुधा अंतर राखून निरोप देतात. स्पंजाच्या बाजूचे संशोधक मात्र अजून हटलेले नाहीत. तेही जनुकांचेच आकडे पुढे करतात.