विलंब आणि विश्वास : इंटरनेटवरील खेळांच्या इतिहासातील एक प्रश्न

इंटरनेटवरून खेळल्या जाणाऱ्या खेळांचा विचार करताना विलंब, म्हणजेच खेळाडूंच्या बोलीतील ‘लॅग’, आणि सर्व्हरवरील हल्ले हे दोन स्वतंत्र विषय मानण्याचा प्रघात आहे. पहिला विषय अभियंत्यांचा व दुसरा कायद्याचा समजला जातो. वस्तुतः या दोहोंचे मूळ एकच आहे. विलंब टाळण्यासाठी जी पद्धत पत्करण्यात आली, तिच्यातच हल्ल्याची सोय दडलेली होती. घटनाक्रम पाहिला असता ही गोष्ट स्पष्ट होते.

विलंबाचा काही भाग अटळ आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई व सिंगापूर यांमधील अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर धरले, तर सरळ तंतूवरूनही संदेश जाऊन परत येण्यास ४० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागणारच. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते आणि वाटेतील राउटरांवर पॅकेटांच्या रांगा लागतात. हे रांगांतील खोळंबणे मात्र अटळ नव्हे. मजकुराचे पान अर्ध्या सेकंदाने उशिरा उमटले तर वाचकाचे बिघडत नाही. परंतु नेमबाजीच्या खेळात तेवढ्या वेळात लक्ष्य दुसरीकडे गेलेले असते.

डिसेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डूम’ या खेळात प्रत्येक संगणक इतर सर्वांच्या हालचाली कळेपर्यंत थांबत असे. सर्वांत मंद जोडणीची गती तीच सर्वांची गती होई. त्याची पहिली आवृत्ती आपली पॅकेटे स्थानिक जाळ्यातील सर्व यंत्रांकडे पाठवी, त्यामुळे कार्यालये व विद्यापीठे यांची जाळी तुंबली आणि काही ठिकाणी खेळावर बंदी आली. जाळ्यावर पडलेला हा भार हेतुपूर्वक नव्हता, एवढेच.

१९९६ च्या जूनमध्ये आलेल्या ‘क्वेक’ने मध्यवर्ती सर्व्हरची रचना स्वीकारली. स्थानिक जाळ्यावर ती उत्तम चाले. मोडेमवरून खेळणाऱ्यास मात्र कळ दाबल्यानंतर सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत आपले पात्र हललेलेच दिसत नसे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉन कारमॅक यांनी ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये यावर उपाय योजला : खेळाडूच्या यंत्राने परिणामाचा आधीच अंदाज बांधावा आणि सर्व्हरने नंतर तो दुरुस्त करावा. ‘हाफ-लाइफ’मध्ये पुढचे पाऊल टाकले गेले. बार सुटला त्या क्षणी खेळाडूस जे दृश्य दिसत होते, ते सर्व्हर मागे जाऊन तपासू लागला. न्याय साधला, परंतु भिंतीआड पोचलेला खेळाडूही क्षणभराने मारला जाऊ लागला. याच सवलतीचा गैरफायदा घेऊन आपली जोडणी मुद्दाम क्षणभर तोडणारा ‘लॅग स्विच’ही निघाला.

या सर्व उपायांच्या मुळाशी संदेशवहनाच्या पद्धतीची एक निवड होती. टीसीपी या पद्धतीत हरवलेले पॅकेट पुन्हा येईपर्यंत मागची पॅकेटे अडून राहतात. खेळात पात्राची जुनी जागा कळून काही उपयोग नसतो. म्हणून खेळकर्त्यांनी १९८० साली जॉन पोस्टेल यांनी मांडलेली यूडीपी ही साधी पद्धत पसंत केली. तिच्यात आधी हस्तांदोलन नाही, पोच नाही, थांबणे नाही. परंतु हस्तांदोलन नाही म्हणजे ओळख पटविणेही नाही. पॅकेटावर लिहिलेला प्रेषकाचा पत्ता खरा आहे की खोटा, हे सर्व्हरला कळत नाही.

या उणिवेतून परावर्तनाचा हल्ला जन्मास आला. हल्लेखोर आपल्या भक्ष्याचा पत्ता प्रेषक म्हणून लिहून तिऱ्हाईत सर्व्हरला लहानसा प्रश्न विचारतो. लांबलचक उत्तर भक्ष्याच्या दारी जाऊन पडते. २०१४ साली अमेरिकन शासनाच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेने दिलेल्या कोष्टकात वेळ सांगणाऱ्या एनटीपी सर्व्हरांकडून ही वाढ सुमारे ५५६ पट होऊ शकते असे नमूद आहे. त्याच कोष्टकात ‘क्वेक’ची संदेशपद्धतीही आहे, तिची वाढ सुमारे ६४ पट. विलंबाशी झुंजणारा खेळ स्वतःच इतरांवरील हल्ल्याचे साधन ठरला होता.

हल्लेखोरास सर्व्हर बंद पाडण्याचीही गरज नसते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. उत्तरे काही शतांश सेकंदांनी उशिरा पोचली तरी सामना व्यर्थ जातो. २०१४ च्या नाताळात प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यांच्या सेवा कोलमडल्या. २०१६ मध्ये असुरक्षित कॅमेरे व राउटर यांना वेठीस धरणारे ‘मिराई’ अवतरले. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच्या तिघा तरुण कर्त्यांनी अमेरिकन न्यायालयात गुन्हा कबूल केला. ‘माइनक्राफ्ट’चे सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांमधील स्पर्धेशी या प्रकरणाचा निकटचा संबंध होता, सर्व्हर मंदावला की गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, हे त्यामागील सरळ अर्थकारण. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकन यंत्रणांनी असे हल्ले भाड्याने करून देणारी १५ संकेतस्थळे जप्त केली.

पुढे निघालेले उपायही दोन्ही प्रश्नांना एकदमच हात घालतात. खेळाडूंचे पत्ते परस्परांस दिसू नयेत म्हणून मध्यस्थ सर्व्हर उभारण्यात आले. हल्ल्याचा भार ते झेलतात आणि पुष्कळदा जवळचा मार्गही देतात. काही कंपन्यांनी स्वतःचे तंतुमार्ग घेतले. प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी सर्व्हर लहानशी खूण पाठवून ती परत मागू लागला. खोट्या पत्त्यामागे दडलेल्या हल्लेखोरास ती खूण मिळत नाही. प्रामाणिक खेळाडूस मात्र आरंभी एका फेरीचाच विलंब सोसावा लागतो.

तथापि मूळ रोगावरील औषध खेळकर्त्यांच्या हाती नाही. खोटा पत्ता लिहिलेली पॅकेटे आपल्या जाळ्याबाहेर जाऊ देऊ नयेत, अशी शिफारस इंटरनेटच्या अभियंत्यांनी मे २००० मध्येच केली होती. तिचे पालन सार्वत्रिक झालेले नाही, आणि याचे कारण तांत्रिक नाही. जे जाळे अशी गाळणी बसविते त्यास तिचा लाभ अल्प. खरा लाभ होतो तो दूरच्या अपरिचितास. वेगासाठी पूर्वी जो विश्वास गृहीत धरला गेला, त्याची किंमत कोणी द्यावी हा वाद म्हणूनच अद्याप मिटलेला नाही.