पाळण्यातली शाळा

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्या गावात लहानथोरांच्या तोंडी आहे. गावच्या व्यापाराचे ते कौतुक. रुई, सरकी, धान्य, पुढे बियाणे आणि लोखंडाच्या सळया यांच्या जोरावर गावाने ती पुष्कळ अंशी खरीही करून दाखविली. परंतु आमची सारी हयात कामगारांच्या वस्त्यांतून हिंडण्यात गेली असल्यामुळे ही म्हण कानी पडली की आम्हांस सोन्याआधी पाळणा आठवतो. आज त्या पाळण्याविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. विशेषतः अलीकडे त्याच्या आसपास येऊन बसलेल्या एका वस्तूविषयी. बटण दाबले की बोलणारे, गाणारे, दिवे लुकलुकविणारे आणि तान्ह्या मुलाला शिकविण्याची हमी देणारे सेलवरचे खेळणे, ही ती वस्तू.

युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, खुळखुळ्यावर कशाला, असे व्याख्यानमालेच्या एका कार्यकर्त्याने आम्हांस हसत हसत विचारले. त्यांना जे उत्तर दिले तेच येथे विस्ताराने मांडतो.

आमच्या ओळखीचा एक तरुण औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर आहे. पाळी कागदावर आठ तासांची, प्रत्यक्षात बाराची. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्याची मुलगी दहा महिन्यांची होती. तिच्यासाठी त्याने रंगीत बटणांचा एक बाळ-लॅपटॉप आणला. तीन दिवसांची मजुरी त्यात गेली. आम्ही किंमत ऐकून काहीसे गप्प झालो, तेव्हा तो म्हणाला, “काका, मी सातवीतून शाळा सोडली. हिला तरी पाळण्यातूनच इंग्रजी यायला पाहिजे.” आम्हीही सातवीतूनच शाळा सोडलेली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, पत्रके चिकटवून झाल्यावर. त्यामुळे त्याला हसणे आम्हांस शक्यच नव्हते.

त्या घरी आमचे जाणेयेणे राहिले. पहिल्या आठवड्यात खेळण्याचे घरभर कौतुक झाले. दुसऱ्या आठवड्यात मुलीच्या आईचे डोके दुखू लागले, कारण आवाज कमी करण्याची सोयच त्यात नव्हती. शेवटी तिने आवाजाच्या भोकांवर चिकटपट्टी लावली. सेल उतरत आले तेव्हा ती पेटी मध्यरात्री आपणहून गाऊ लागली आणि आजीबाईंनी तिला घराबाहेर ठेवावयास सांगितले. मौज म्हणून हे सांगतो खरे. पण त्याच आईने आम्हांस हेही सांगितले, की त्या पेटीमुळे तिला भाकरी थापावयास वीस मिनिटे मोकळी मिळत. तान्हे मूल कडेवर घेऊन ज्यांनी कधी भाकरी थापली नाही त्यांनी ही वीस मिनिटे क्षुल्लक समजू नयेत.

एक गोष्ट मात्र आम्ही स्वतः बसून पाहिली. मुलगी बदकाचे बटण दाबी. पेटी ‘डक’ म्हणे. आणि मुलगी पेटीकडे न पाहता वळून आईच्या तोंडाकडे पाही. आई कामात असली, काही बोलली नाही, की ती पुन्हा बटण दाबी आणि पुन्हा वळे.

खेळण्याने शिकवावे ही कल्पना सेलबरोबर जन्मली नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, नळा आणि ठोकळे मुलांच्या हाती देऊन शाळा मांडली. तिलाच पुढे बालोद्यान हे नाव पडले. प्रशियाच्या सरकारला या ठोकळ्यांतही बंडखोरी दिसली आणि १८५१ साली त्याने अशा शाळांवर बंदी घातली! ती १८६० पर्यंत टिकली. आमच्या सभांवर बंदी आली तर आश्चर्य नाही, पण मुलांच्या ठोकळ्यांवर यावी याचे नवल वाटते.

दुसरी हकीकत मजुरांच्या अधिक जवळची आहे. रोममधील सान लोरेन्झो ही गरीब कष्टकऱ्यांची वस्ती. आईबाप कामाला गेले की मागे राहिलेली मुले चाळींच्या भिंती खराब करीत. घरमालक कंपनीला भिंतींची काळजी पडली आणि तिने एका डॉक्टरबाईंना मुले सांभाळावयास बोलाविले. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसोरी यांचे पहिले बालगृह उघडले ते असे. आज मॉन्टेसोरी हे नाव शहरातल्या महागड्या शाळांच्या पाट्यांवर दिसते. ते निघाले मात्र कामावर गेलेल्या आईबापांच्या मुलांसाठी.

आपल्याकडे हा विचार भावनगरला गिजुभाई बधेका यांनी रुजविला. ते वकिली सोडून आलेले. त्यांचे बालमंदिर १९२० चे. तेथे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीस आल्या आणि अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी साधने आदिवासी पाड्यास परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, मातीची भांडी यांचीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात जाऊन बसली. मुले गुरे राखावयास गेली, तर बाई कुरणात गेल्या. आज गावोगावच्या अंगणवाडीचे जे नाव आपण घेतो त्याचा उगम तेथला. सरकारी एकात्मिक बालविकास योजना निघाली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी.

या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती. ठोकळा बोलत नसे, बी बोलत नसे. जवळ बसलेल्या बाईंना बोलावे लागे. आमचीच गोष्ट सांगावयाची तर आमची आई जिनिंगमध्ये कामाला होती आणि आमचा पाळणा म्हणजे सरकीच्या ढिगाजवळ बांधलेली लुगड्याची झोळी. खेळणी म्हणजे ज्वारीच्या धांड्यांची गाडी, सागरगोटे आणि पोळ्याला चिखलाचे बैल. बैल मुकेच. पण ढवळ्या कोणता, पवळ्या कोणता, कोणाचे शिंग वाकडे, हे आई सांगे, आणि चुकीचे सांगितले की आम्ही भांडत असू.

बोलणारे खेळणे यंत्रयुगातच निघावयाचे. एडिसनने १८९० साली पोटात फोनोग्राफ बसविलेली बाहुली विकावयास काढली. त्या वेळी एका ध्वनिमुद्रणाच्या अनेक प्रती काढण्याची सोय नव्हती. म्हणून कारखान्यात मुली बसवून तीच ती बालगीते दिवसभर त्यांच्याकडून म्हणवून घेत. बाहुलीची किल्ली हाताने फिरवावी लागे, आवाज कर्कश येई आणि लवकरच खराब होई. काही आठवड्यांत विक्री बंद पडली. एडिसनचे चरित्र वाचताना बाकीचे शोध आम्ही विसरलो, पण पगारावर दिवसभर अंगाईगीते म्हणणाऱ्या त्या मुली काही केल्या विसरत नाहीत. स्वतःच्या धाकट्या भावंडाला त्या घरी जाऊन काय म्हणून दाखवीत असतील?

माणसाच्या गळ्याला ज्या कामाची रोजी द्यावी लागे ते काम इलेक्ट्रॉनिक चिपवर आले १९७८ साली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचे ‘स्पीक अँड स्पेल’ हे खेळणे शब्द उच्चारून मुलाकडून स्पेलिंग करून घेई. ते शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी होते. त्यानंतर बाजाराची नजर वयाने खाली खाली सरकली. १९९७ साली अमेरिकेत ‘बेबी आइनस्टाइन’ नावाच्या चित्रफिती निघाल्या, त्या तर तान्ह्या बाळांसाठी. २००१ साली डिस्ने कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. त्यांच्या जाहिरातींतल्या शैक्षणिक दाव्यांविरुद्ध २००६ साली सरकारदरबारी तक्रार गेली आणि २००९ साली कंपनीने आईबापांना पैसे परत देऊ केले. आपल्याकडे अशा पेट्यांचे पैसे कोणी परत मागितल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आपले सरकार लक्ष घालते ते दुसऱ्या अंगाने. २०२० साली खेळण्यांवरील आयातकर २० टक्क्यांवरून ६० वर नेला, १ जानेवारी २०२१ पासून प्रमाणचिन्ह सक्तीचे केले. रंगात विष आहे की नाही हे त्यात तपासता येते. खेळणे शिकविते की नाही हे तपासणारे चिन्ह अजून निघालेले नाही.

ते तपासण्याचा एक छोटा प्रयत्न अमेरिकेतल्या उत्तर ॲरिझोना विद्यापीठात झाला. डिसेंबर २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दहा ते सोळा महिन्यांच्या २६ मुलांना आईबापांसह घरीच खेळू दिले. कधी बोलक्या खेळण्यांशी, कधी साध्या ठोकळ्यांशी, कधी चित्रांच्या पुस्तकांशी. बोलणे टिपून घेतले. पुस्तक हाती असता मोठी माणसे मिनिटास सुमारे ६७ शब्द बोलली, साध्या खेळण्यांशी ५६, आणि बोलक्या खेळण्यांशी ४०. मुलांचे आवाजही कमी झाले. मुले २६ च, तेव्हा यावरून फार मोठे सिद्धान्त काढू नयेत. तथापि पेटी बोलू लागली की माणूस गप्प होतो, एवढे तर आम्ही त्या तरुणाच्या घरी डोळ्यांनी पाहिले होते. आता कित्येक घरांत पेटीही मागे पडून मोबाइलच बाळाच्या हाती आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाच्या आतील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये असे सांगितले. सल्ला योग्यच आहे. पण ऊसतोडीला गेलेल्या बाईने फडात मूल कोणाजवळ द्यावे, हे त्या सल्ल्यात नाही.

हे सांगणारा कायदा मात्र आपल्याकडे फार पूर्वी झाला होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले; १९७६ साली ती संख्या तीसवर आली. आम्ही एका जिनिंगमध्ये वर्षानुवर्षे हजेरीपट पाहिला, त्यावर बरोबर २९ स्त्रिया असत. एके सकाळी फाटकाशी उभे राहून मोजल्या, तर ४१ भरल्या. जास्तीच्या १२ ठेकेदाराच्या म्हणे. त्यांपैकी तिघींच्या कडेवर मुले होती. पाळणाघराची खोली नकाशात होती. तेथे सरकीची पोती पाहिली.

म्हणून आईबापांनी बोलकी खेळणी घेतली यासाठी त्यांना दोष देणारी भाषणे आम्हांस रुचत नाहीत. त्या पेटीची किंमत ते पैशांत देतात, कारण वेळेत देण्याइतका वेळ त्यांच्यापाशी उरू दिलेला नाही.

त्या तरुणाची मुलगी आता तीन वर्षांची आहे. लॅपटॉपचे सेल केव्हाच संपले. तिने त्याला सुतळी बांधली आहे आणि त्यावर ज्वारीचे दाणे लादून ती घरभर ओढते. गाडी कोठे चालली, बाजारात काय भाव आहे, हे सारे तीच बोलते. गेल्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा तिच्या धाकट्या भावाचे बारसे नुकतेच झाले होते. बापाने विचारले, “काका, आता याच्यासाठी कोणतं घ्यावं?” आम्ही विचारले, “पाळी कितीची आहे?” तो म्हणाला, “बाराचीच.” येत्या रविवारी कामगारांची सभा आहे आणि आठ तासांचा प्रश्न तीत पहिला आहे, असे आम्ही त्याला सांगितले. त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. त्या रविवारी त्याला कामावर बोलाविले आहे.