कुलाब्याची नोंदवही



लावणीच्या दिवसांत आपण इन्सुलीच्या बायका डोक्यावर इरलं घेऊन वाकतो. वाऱ्याचा जोर आला की इरलं अंगाशी दबतं. पृथ्वीलाही तिच्या चुंबकशक्तीचं असंच एक न दिसणारं इरलं आहे. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत येतो, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगानं. सूर्याच्या बाजूनं तो हे इरलं दाबतो, मागच्या बाजूनं लांब शेपटीसारखं ओढतो. वाऱ्याचा दाब आणि चुंबकाचा दाब सारखे होतात, तिथं आपली हद्द. ती सूर्याच्या बाजूला सुमारे ६४,००० किलोमीटरवर असते. वारा वाढला की ती पृथ्वीकडे सरकते.

हे सारं कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हापासून मुंबईत याची नोंद होत होती. ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा बांधली. १८४१ पासून तिथं चुंबकाची मोजमापं सुरू झाली. माणसं डोळ्यांनी आकडे वाचत आणि वहीत लिहीत.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लख्ख उजेड पाहिला. अठरा तासांच्या आत वादळ पृथ्वीवर थडकलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. कुलाब्याला चुंबकशक्ती सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आली. एरवीच्या मोठ्या वादळातही ती काहीशे नॅनोटेस्लाच उतरते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेनं मोजमाप बिघडलं असतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात काम अलिबागला हललं. तिथली इमारत लोखंडाशिवाय उभी केली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे नोंदी ठेवल्या, म्हणजे जुना हिशेब नव्याला जुळावा. अलिबागची वेधशाळा आजही चालते.

२००३ साली शास्त्रज्ञांनी १८५९ चे ते आकडे जगापुढे मांडले. तसं वादळ आज आलं तर वीज, उपग्रह, समुद्रावरच्या होड्यांचं जीपीएस, सगळ्यालाच धोका. म्हणून भारतानं २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यान सोडलं. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून ते हा वारा मोजतं.

बचत गटाची वही लिहिताना आपण म्हणतो, रोज तेच आकडे, कोण बघणार? कुलाब्याची वही १४४ वर्षांनी कामाला आली. मधली पानं कोरी असती तर आली नसती.