चीजला तेल सुटू नये म्हणून

चीजबर्गर पहिल्यांदा कुणी केला, यावरून अमेरिकेत तीन गावांचा वाद आहे. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचं म्हणणं, आमच्या ‘राइट स्पॉट’ नावाच्या टपरीवजा हॉटेलात लायोनेल स्टर्नबर्गर नावाच्या पोरानं १९२० च्या दशकाच्या मध्यावर बर्गरवर चीज टाकलं. लुईव्हिलचं ‘केलिन्स’ हॉटेल १९३४ साल सांगायचं. डेन्व्हरच्या लुई बॅलास्टनं तर १९३५ मध्ये ‘चीजबर्गर’ या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्जच केला, पण पुढे कुणाच्या मागे तगादा लावला नाही. भला माणूस असावा. त्याच्या हॉटेलाच्या जागेवर आता त्याच्या नावाचा दगड बसवलाय.

मी उभी हयात डेअरीच्या चीज विभागात काढली, त्यामुळे हे भांडण मला फुकटचं वाटतं. गरम मांसावर चीज ठेवायची अक्कल कुणालाही सुचली असती. ते चीज कोणतं होतं, हा खरा प्रश्न, आणि तो सहसा कुणी विचारत नाही.

माझ्या पुतणीनं मध्यंतरी घरी बर्गरचा घाट घातला. चिकनचा खिमा, ताजे बन आणि मुद्दाम शोधून आणलेलं महागाचं जुनं चेडर. पॅटीवर चीज ठेवलं, झाकण घातलं आणि पाच मिनिटांनी हाक आली, ‘काका, याला तेल सुटलंय!’ वर चिवट रबरी पापुद्रा, खाली पिवळं तेल. सुटणारच. चीजमधल्या प्रथिनांची जाळी कॅल्शियमनं बांधलेली असते आणि स्निग्धांश त्या जाळीत अडकलेला असतो. चीज जसं मुरतं तशी ही जाळी विरत जाते. त्याला आच लागली की ती आकसते आणि तूप बाहेर पडतं. आमच्या प्लँटमध्ये कुकरमधल्या बॅचला असं तेल सुटलं की सुपरवायझरचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

यावर पहिला उतारा काढला तो स्वित्झर्लंडच्या थून गावात वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी, १९११ मध्ये. बर्गरशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. एमेंटल चीज उष्ण देशांत पाठवायचं तर वाटेत ते खराब व्हायचं, ही त्यांची अडचण. त्यांनी चीज किसून सोडियम सायट्रेटबरोबर तापवलं. हे लवण कॅल्शियमला बाजूला काढतं, प्रथिनं मोकळी होतात आणि स्निग्धांशाला धरून ठेवतात. मग चीज कितीही तापवा, ते एकजीव आणि गुळगुळीत वितळतं. आम्ही याला ‘मेल्टिंग सॉल्ट’ म्हणायचो. प्रोसेस्ड चीजचा सबंध धंदा या चिमूटभर पांढऱ्या भुकटीवर उभा आहे.

अमेरिकेत हाच रस्ता जेम्स क्राफ्टनं स्वतंत्रपणे धरला. कॅनडात जन्मलेला हा माणूस शिकागोत घोडागाडीवरून दुकानदारांना चीज विकायचा आणि उन्हाळ्यात त्याचा माल नासायचा. चेडर तापवत, सतत घोटत निर्जंतुक करायचं आणि डब्यात भरायचं, या पद्धतीचं पेटंट त्याला १९१६ मध्ये मिळालं. पुढल्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि क्राफ्टचे डबे सैन्याकडे निघाले. खंदकातून परतलेल्या पोरांना त्या चवीची सवय लागलेली होती. पॅसाडेना, लुईव्हिल, डेन्व्हर ही सगळी भांडणं त्यानंतरची. क्राफ्टनं आयते कापलेले स्लाइस बाजारात आणले १९५० मध्ये. तोवर बर्गर विकणारा प्रत्येक जण लादीचे काप हातानं पाडत होता.

मांसाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी आली आणि खाटीकखान्यांची घाण वाचून लोक खिम्याकडे संशयानं पाहू लागले. १९२१ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटात ‘व्हाइट कॅसल’ निघालं ते पांढऱ्याशुभ्र भिंती मिरवत, गिऱ्हाइकासमोर मांस भाजत, पाच सेंटला एक बर्गर विकत. स्वच्छता दाखवून विश्वास परत मिळवायचा, एवढाच मुद्दा.

आता सोबतचा बटाटा. यात मला चीजइतकाच रस आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत मॅक्डॉनल्ड बंधूंनी १९४८ मध्ये आपलं जुनं हॉटेल बंद करून नव्या पद्धतीनं उघडलं तेव्हा हॅम्बर्गर पंधरा सेंट, चीजबर्गर एकोणीस सेंट, आणि सोबत बटाट्याचे वेफर्स! तळलेल्या बोटभर फोडी वर्षभरानं आल्या आणि लोक त्यांच्यासाठीच रांग लावू लागले. त्यांच्या नावाच्या शाखा काढायचे हक्क घेतलेल्या रे क्रॉकनं १९५५ मध्ये शिकागोजवळ डेस प्लेन्सला आपलं पहिलं दुकान काढलं. बटाटा तोच, कृती तीच, पण फोडींना ती चव येईना. क्रॉकनं आत्मचरित्रात हा घोळ रंगवून सांगितलाय. उकल अशी निघाली, की सॅन बर्नार्डिनोत बटाटे जाळीच्या उघड्या पेट्यांत असायचे आणि वाळवंटी वाऱ्यानं वाळायचे. पाणी कमी व्हायचं, साखरेचा स्टार्च व्हायचा. क्रॉकचे बटाटे दमट तळघरात. मग तळघरात पंखा लावला!

त्या पंख्याचीही गरज पुढे उरली नाही. आयडाहोचा जे. आर. सिम्प्लॉट दुसऱ्या महायुद्धात सैन्याला वाळवलेले कांदे-बटाटे पुरवायचा. युद्ध संपलं, गिऱ्हाईक गेलं, कारखाना उरला. त्याच्याकडच्या रे डनलॅप या रसायनतज्ज्ञानं अर्धवट तळलेल्या फोडी गोठवायची रीत बसवली आणि साठच्या दशकात क्रॉकनं ताज्या बटाट्याला रामराम ठोकला. म्हणजे ताटातलं चीज पहिल्या युद्धाच्या डब्यातून आलेलं आणि फोडी दुसऱ्या युद्धाच्या वाळवणातून. अमेरिकन लोक याला अगदी घरगुती जेवण मानतात, हे मला गमतीचं वाटतं.

आपल्याकडे म्हशीचं दूध. त्यात कॅल्शियम जास्त, त्यामुळे चेडर कडक होतं आणि मुरायला वेळ घेतं. अमूलनं १९६० च्या सुमारास म्हशीच्या दुधापासून मोठ्या प्रमाणावर चीज करून दाखवलं ते प्रोसेस्डच. आपल्या पिढ्यांनी पत्र्याचा डबा कापून काढलेलं तेवढं एकच चीज पाहिलं आणि मुंबईच्या सँडविचवाल्यांनी त्याचा कीस पावावर पाडून पाडून ते घराघरात नेलं. ‘खरं चीज नव्हे हे’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते खरंच आहे, फक्त त्याला वितळण्याचं शिक्षण दिलंय.

मॅक्डॉनल्ड्स १९९६ च्या ऑक्टोबरात दिल्लीत आणि मुंबईच्या वांद्र्यात उघडलं. गोमांस नाही, डुकराचं मांस नाही. पण आमच्या धंद्यातल्या लोकांचं लक्ष दुसरीकडेच होतं. पॅटी तळोजाची, आइसबर्ग लेट्यूसची पानं तळेगावच्या बाजूची आणि चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीचं. उसाच्या पट्ट्यात दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचं दूध वांद्र्याच्या बर्गरवर स्लाइस होऊन बसलं. बटाट्याला मात्र वेळ लागला. आपला रोजचा बटाटा पाणीदार, भाजीला उत्तम, तळणीला लेचापेचा. सुरुवातीला गोठवलेल्या फोडी बाहेरून यायच्या. गुजरातेत मेहसाण्याकडे योग्य वाणांची लागवड आणि मग कारखाना, हे सगळं पुढच्या दशकातलं.

पुतणीला मी दोनच गोष्टी सांगितल्या. मंडईत ‘इंदूर’ म्हणून मिळतो तो जुना, जाड सालीचा बटाटा घे. कोल्ड स्टोरेजमधून आलेला असेल तर त्यात साखर साचलेली असते आणि फोडी आत कच्च्या, बाहेर काळ्या होतात, म्हणून दोन आठवडे गॅलरीत जाळीच्या टोपलीत ठेव. फोडी पाण्यात धुऊन स्टार्च काढ, कोरड्या कर, मध्यम तेलात रंग न येऊ देता शिजव, काढून गार कर आणि पानं घ्यायच्या वेळी कडकडीत तेलात पुन्हा सोड. दुसरी गोष्ट, ते महागाचं चेडर टोस्टवर संपव आणि बर्गरला साधा स्लाइस आण. पॅटी तव्यावर असतानाच, उतरवायच्या मिनिटभर आधी तो ठेवायचा, कडेला चमचाभर पाणी टाकायचं आणि झाकण घालायचं. वाफेनं चारही कोपरे खाली वाकले की गॅस बंद. ती विचारत होती, मग चेडरची चव कुठून आणू? थोडं चेडर किसून, दुधात चिमूटभर सोडियम सायट्रेट घालून मंद आचेवर घोट, म्हटलं. बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. गर्बर-स्टेटलरनी केलं तेच, पातेल्यात.