दावण

येळवशीला माकणीला गेलो होतो. वनभोजन आटोपून गोठ्यात डोकावलो, तर दावणीला एकच गाय. शेवरा देवणी; म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. तोंडाच्या बाजू तेवढ्या काळ्या असतील तर वानेरा, आणि अंगभर पांढरी ती बालंक्या. हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो!

जातीचं नाव लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून पडलं. गीर, डांगी आणि इथली गावठी जनावरं यांच्या संकरातून ती झाली, असं जाणकार मानतात. पण टिकवली ती शेतकरी घरांनी. गाय दुधाला, बैल औताला. कुठला खोंड वळू म्हणून राखायचा हे आमच्याकडे निजामाच्या राज्यात पणजोबा ठरवायचे, १९४८ नंतर आजोबा. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. घराच्या भिंती गेल्या, दावण वाचली. पुढे ट्रॅक्टर आला. बैलांना काम उरलं नाही, मग खोंड पोसणं परवडेना, आणि डेअरीच्या दुधासाठी जर्सी आली.

"आण्णा, हिची आई कुठल्या गायीची?"

"ते तुझ्या आज्ज्याला ठाऊक व्हतं."

ऑफिसात मी रोज रात्री बॅकअप घेतो. घरचा कधी घेतलाच नाही. आण्णांना आठवल्या तेवढ्या दोन पिढ्या वहीत उतरवल्या. गाय गाभण आहे, देवणीचंच रेतन केलंय. कालवड झाली तर विकायची नाही असं ठरलंय. चाऱ्याचे पैसे मी पाठवणार.

असो. वही मात्र गोठ्यातच ठेवून आलोय.