कुलाब्याची मोहीम (१७२१) आणि दोस्तांचा परस्परविश्वास

कान्होजी आंग्रे ह्यांचा अलिबागनजीकचा कुलाबा किल्ला घेण्यासाठी इंग्रज व पोर्तुगीज ह्यांनी डिसेंबर १७२१ मध्ये संयुक्त मोहीम काढली. तिच्या अपयशाचे खापर इंग्रज लेखकांनी पोर्तुगिजांच्या भित्रेपणावर फोडले आहे. ते पुरेसे नाही. दोघांचा शत्रू एक होता. परस्परांविषयी भरवसा मात्र मुळातच नव्हता. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई बेट इंग्लंडच्या राजास मिळाले, तेव्हापासून हद्दीवरून कुरबुरी चालू होत्या. १७२० मध्ये तर मुंबईकरांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांस बेटाबाहेर घालविले. आणि पुढच्याच वर्षी त्यांचा वकील रॉबर्ट कोवान गोव्यास जाऊन दोस्तीचा करार करून आला!

फौजा चौलास जमल्या. कमोडोर मॅथ्यूज आरमारासह आला. गोव्याचा विजरई जातीने हजर झाला. परंतु इंग्रजांचा हल्ला फसला, मराठी घोडदळ चालून येताच पोर्तुगिजांनी पाठ फिरविली, आणि इंग्रजांचीही पांगापांग झाली. संतापलेल्या मॅथ्यूजने पोर्तुगीज सेनानीच्या तोंडात छडी खुपसली, असे इंग्रजी वृत्तान्तात नमूद आहे. ह्यानंतर जानेवारी १७२२ मध्ये विजरईने इंग्रजांस वगळून मराठ्यांशी तह केला, ह्यात नवल ते काय?

ते घोडदळ साताऱ्याचे होते, ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. कारण १७१३ मध्ये ह्याच कान्होजींनी शाहू छत्रपतींचे पेशवे बहिरोपंत पिंगळे ह्यांस कैदेत टाकले होते. म्हणजे येथील वैर मुंबई-गोव्याच्या कुरबुरींहून उघड व ताजे होते. तथापि बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींशी जो समेट केला, तो केवळ कागदावर राहिला नाही. पेशवे सुटले; कान्होजींची सरखेली व किल्ले कायम झाले; सिद्दीविरुद्ध पेशव्यांनी त्यांस प्रत्यक्ष साहाय्य केले. देण्याघेण्याचा हा अनुभव गाठीस असल्यामुळेच १७२१ मध्ये बाजीराव कुलाब्याच्या रक्षणास धावून आले. साताऱ्याचाही त्यात स्वार्थ होताच. परंतु तो दोन्ही पक्षांस ठाऊक होता.

मुंबईकर व पोर्तुगीज ह्यांच्यामधील संशय पुढेही निवळला नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईस वेढा घातला असता पोर्तुगिजांनी मुंबईकडे मदत मागितली. मुंबईकरांनी त्यांस १५,००० रुपये कर्जाऊ दिले, तेही चर्चमधील चांदीची उपकरणी तारण ठेवून घेऊन.