क्षुद्ररोग: चेहऱ्यावरील मुरूम, न्हाणीघरातील फळी आणि एक तुरुंग

१/ वाशीपासून पनवेलपर्यंत कोणत्याही घराच्या न्हाणीघरात एक फळी असते. तिच्यावर खोबरेल तेलाची निळी बाटली, साबण, चेहऱ्याचे क्रीम आणि अनेकदा कुणीतरी सुचवले म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेली एखादी ट्यूब असते. मुरूम आले की दोष तळलेल्या खाण्याला, ‘उष्णते’ला किंवा वयाला दिला जातो. फळीकडे सहसा कुणी पाहत नाही. हा थ्रेड त्या फळीच्या इतिहासाविषयी.

२/ आधी मुरूम येतो कसा ते पाहू. त्वचेतील केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांमुळे ती अधिक तेल स्रवू लागते. मृत पेशी आणि तेल साचून रोमछिद्राला बूच बसले की काळा वा पांढरा ठिपका दिसतो. आत जिवाणू वाढून दाह झाला की त्याची लाल पुटकुळी होते. मूळ कारण शरीराच्या आत असते. परंतु बूच घट्ट बसवण्यास बाहेरच्या सवयीही हातभार लावतात. या प्रक्रियेला अनेक आठवडे लागतात. त्यामुळे महिन्यापूर्वीची सवय आणि आजची पुटकुळी यांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही.

३/ भारतीय वैद्यकाला हा विकार फार पूर्वीपासून परिचित होता. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या या पुळ्यांना ‘मुखदूषिका’ म्हटले आहे आणि त्यांची तुलना काटेसावरीच्या काट्यांशी केली आहे. उपचारांत वमन आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सांगितला आहे. मात्र ग्रंथातील या विकाराचे स्थान पाहण्यासारखे आहे. तो ‘क्षुद्ररोग’ या वर्गात, म्हणजे किरकोळ व्याधींमध्ये येतो. हा शब्द लक्षात ठेवावा. पुढील सर्व कथा त्याच्याभोवती फिरते.

४/ व्याधी किरकोळ ठरली की तिच्या कारणांचा शोध घेण्याऐवजी रुग्णाच्या वागणुकीची चर्चा सुरू होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युरोपात मुरुमांचा संबंध कामवासना, हस्तमैथुन आणि ब्रह्मचर्य यांच्याशी जोडला जाई. विवाह हा उपाय मानला जाई. ‘लग्न झाले की आपोआप जातील’ हे वाक्य आपल्याकडच्या घरांतही अपरिचित नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी मुरुमांबरोबर अशी टोमणेवजा निदानेही सोसली.

५/ आता नवी मुंबईकडे येऊ. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर, खाडीच्या काठाने नवे शहर उभे राहू लागले. १९९२मध्ये लोकल वाशीपर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षी महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. कोकणातून, घाटावरून, केरळ-तमिळनाडूतून, उत्तरेतून माणसे आली आणि आपापल्या घरची केस-त्वचेची रीतही बरोबर घेऊन आली. कोरड्या हवेत जन्मलेल्या सवयी आता खाडीकाठच्या दमट हवेत पाळल्या जाऊ लागल्या.

६/ दमट हवेचा त्वचेशी संबंध युद्धाने स्पष्ट केला. दुसऱ्या महायुद्धात उष्ण कटिबंधात गेलेल्या सैनिकांच्या पाठीवर, मानेवर व छातीवर तीव्र मुरूम उठू लागले. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ मॅरियन सुल्झबर्गर व सहकाऱ्यांनी १९४६मध्ये या ‘उष्णकटिबंधीय मुरुमां’वर लिहिले. सततचा घाम, अंगाला चिकटलेले कपडे आणि सामानाच्या पट्ट्यांचे घर्षण अशा परिस्थितीत हा विकार बळावत असे. हे सुल्झबर्गर पुढे पुन्हा भेटतील.

७/ पहिली सवय, तेल. १९७०मध्ये प्लेविग, फुल्टन आणि अल्बर्ट क्लिगमन या संशोधकांनी ‘पोमेड ॲक्ने’चे वर्णन केले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुष केसांना नियमितपणे पोमेड, म्हणजे तेलकट मलम लावत. त्यांच्या कपाळावर व कानशिलांवर, नेमक्या केसांच्या रेषेलगत, बारीक बंद पुटकुळ्यांची दाटी आढळली. तेल केसांतून कपाळावर उतरत होते आणि रोमछिद्रे बुजवत होते. चापून तेल लावून, वेणी घालून शाळेत जाणाऱ्या मुलीचे कपाळ याहून वेगळे नसते.

८/ येथे परंपरेला सरसकट दोष देणे मात्र चुकीचे ठरेल. दिवाळीच्या अभ्यंगात तेलापाठोपाठ उटणे येई. केस धुताना शिकेकाई वा रिठा असे. तेल लावणे आणि ते काढणे या एकाच विधीच्या दोन बाजू होत्या. अडचण होते ती तेल रात्रभर, दिवसभर तसेच राहते तेव्हा. कपाळावरून ते उशीच्या अभ्र्यावर जाते आणि अभ्र्यावरून गालावर. हेच तत्त्व कारखान्यांतही दिसते. यंत्रावर काम करताना कपडे तेलाने भिजतात, तेव्हा कामगारांच्या मांड्यांवर व हातांवर तशाच पुळ्या उठतात. आईच्या हातचे तेल आणि लेथ यंत्राचे तेल यांत रोमछिद्र भेद करत नाही.

९/ दुसरी सवय, क्रीम. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘व्हॅनिशिंग क्रीम’ किंवा ‘स्नो’ हा प्रकार भारतात लोकप्रिय झाला. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९मध्ये ‘अफगाण स्नो’ बाजारात आणले आणि पुढील काही पिढ्यांच्या आरशासमोर ती निळी बाटली राहिली. १९७५मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आली. दरम्यान १९७२मध्ये क्लिगमन आणि मिल्स यांनी ‘ॲक्ने कॉस्मेटिका’ची संकल्पना मांडली. प्रसाधनांतील काही स्निग्ध घटक प्रौढ स्त्रियांच्या चेहऱ्यावर मंद, चिवट मुरूम आणतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते झाकण्यासाठी स्त्रिया आणखी क्रीम लावत आणि चक्र चालू राही.

१०/ तिसरी सवय, साबण. मुरूम म्हणजे अस्वच्छता, हा समज साबणाच्या जाहिरातींनी घट्ट केला. म्हणून कित्येक जण दिवसातून पाच-सहा वेळा चेहरा घासतात. १९७५मध्ये मिल्स आणि क्लिगमन यांनी अति धुण्यामुळे बळावणाऱ्या मुरुमांना ‘ॲक्ने डिटर्जिकन्स’ असे नाव दिले. त्याच वर्षी त्यांनी घर्षण व दाब यांमुळे येणाऱ्या ‘ॲक्ने मेकॅनिका’चेही वर्णन केले; त्यात हेल्मेटच्या हनुवटीखालील पट्ट्याचा समावेश होता. सायन-पनवेल महामार्गावर रोज दुचाकीने जाणाऱ्यास ते वर्णन ओळखीचे वाटेल. हेल्मेट सोडणे हा अर्थातच उपाय नव्हे. पट्टा व आतील अस्तर धुणे हा आहे. २०२०मध्ये मास्कमुळे हीच जुनी गोष्ट नव्या नावाने चर्चेत आली.

११/ खाण्याचे काय? १९६९मध्ये फुल्टन, प्लेविग व क्लिगमन यांनी ६५ जणांवर प्रयोग करून चॉकलेटने मुरूम वाढत नाहीत असा निष्कर्ष काढला. अनेक दशके तो प्रमाण मानला गेला. पुढे टीकाकारांनी दाखवले की तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर आणि स्निग्धांश भरपूर होते. शिवाय अभ्यासाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचे साहाय्य होते. २००७मध्ये ऑस्ट्रेलियातील १२ आठवड्यांच्या चाचणीत, रक्तातील साखर वेगाने वाढू न देणारा आहार घेणाऱ्या तरुणांचे मुरूम तुलनेने अधिक घटले. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी धडा परिचित आहे: साधन वाचण्यापूर्वी ते कुणी आणि कुणाच्या पैशाने तयार केले ते पाहावे.

१२/ आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हे प्रयोग कुणाच्या त्वचेवर झाले? चॉकलेटच्या प्रयोगातील ६५ जणांपैकी ३५ जण तुरुंगातील कैदी होते. क्लिगमन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक होते आणि फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगात त्यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभापासून १९७४पर्यंत कैद्यांवर प्रयोग केले. त्यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. किरकोळ मोबदल्यात त्यांच्या अंगावर प्रसाधनांपासून डायॉक्सिनपर्यंत अनेक पदार्थ तपासले गेले. ॲलन हॉर्नब्लम यांच्या १९९८च्या पुस्तकाने हे प्रकरण लोकांसमोर आणले. विद्यापीठाने २०२१मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२मध्ये माफी मागितली.

१३/ आता फळीवरची शेवटची वस्तू, ट्यूब. १९५२मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी त्वचेवर लावण्याच्या हायड्रोकॉर्टिसोनचा परिणाम सिद्ध केला. एक्झिमासारख्या विकारांत हे स्टेरॉइड वरदान ठरले. १९७५मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी त्वचेवरील डाग फिके करण्यासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व डेक्सामेथासोन हे त्रिमिश्रण सुचवले. गोरेपणाचा सोस असलेल्या आपल्या समाजात अशा मिश्रणांचे पुढे काय झाले असेल, हे ओळखणे अवघड नाही. वैद्यकीय देखरेखीखाली वापरायचे औषध रोजचे क्रीम झाले.

१४/ स्टेरॉइड लावताच लाली ओसरते, चेहरा उजळ वाटतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, नव्या पुटकुळ्या येतात. ट्यूब थांबवली की आग होते, म्हणून ती पुन्हा लावली जाते. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले. त्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांना हा सल्ला डॉक्टरांनी दिलेलाच नव्हता. सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम कोणता? मुरूम येणे किंवा असलेले बळावणे. आणि १०४ जण तर ते मुरुमांवरच उपाय म्हणून लावत होते.

१५/ त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर मार्च २०१८मध्ये केंद्र सरकारने चेहऱ्या-अंगाला लावण्याची १४ स्टेरॉइड्स ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री बेकायदा ठरली. तरीही मैत्रिणीचा, शेजाऱ्याचा, दुकानदाराचा सल्ला थांबत नाही. कारण तोच जुना: व्याधी किरकोळ, मग तिच्यासाठी डॉक्टर कशाला? क्षुद्र मानलेल्या रोगाचे उपचार फळीवर सोडले गेले आणि त्याचे ज्ञान क्षुद्र मानलेल्या माणसांच्या पाठीवर मिळवले गेले.

१६/ त्या ज्ञानातून हाती येते ते थोडके आहे. तेल लावल्यास कपाळ मोकळे ठेवावे व तेल वेळेवर धुवावे. उशीचा अभ्रा, हेल्मेटचे अस्तर स्वच्छ ठेवावे. चेहरा दिवसातून दोनदा सौम्यपणे धुणे पुरेसे असते. ट्यूबवर ‘शेड्यूल एच’ लिहिले असेल तर चिठ्ठीशिवाय ती लावू नये. महिनोन्महिने लावली असेल तर एकाएकी न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. आणि घरातल्या कुणा सोळा वर्षांच्या मुलाला वा मुलीला ‘काय खातेस गं?’, ‘तोंड धुतोस की नाही?’ असे विचारण्यापूर्वी एकदा फळीवरच्या बाटल्यांमागची लेबले वाचावीत.

(समाप्त)